स्वभावात सुधारणा

काकू बाजारातून आल्या आणि घराला दार नव्हतं.

उघडं नव्हतं, मोडलेलं नव्हतं, नव्हतंच. चौकट जागेवर होती, बिजागऱ्यांच्या जागी स्क्रूची भोकं होती, आणि रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरापर्यंत सगळं घर दिसत होतं. खुंटीवरचा टॉवेल, ओट्यावरचं पातेलं, काकूंनी सकाळी घाईत खुर्चीवर टाकलेला झगा, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड. काकूंना आधी वाटलं आपण घर चुकलो. लग्न झाल्यापासून ज्या घरात राहिलो ते कसं चुकेल म्हणा, पण अशा वेळी डोकं काहीही सुचवतं. मग वाटलं चोरी झाली. पण घर तसंच ठेवून नुसतं दार नेणारा चोर कुठला?

आत मिस्त्री बाकावर बसून चहा पीत होते. मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान, धंद्याने सुतार.

"अहो, दार कुठाय?"

"दिलं."

"दिलं म्हणजे?"

"समोरच्या चष्मेवाल्याला. त्याचं खालून कुजलंय गं. लागत नाही, वारा आत येतो. म्हातारी आई आहे त्याची."

"आणि आपल्याला?"

मिस्त्रींनी चौकटीकडे पाहिलं. जणू हा मुद्दा आत्ताच कुणीतरी काढला होता. "आपल्याला काय, करू दुसरं," ते म्हणाले आणि उरलेला चहा शांतपणे प्यायले.

हातातली पिशवी कधी खाली पडली ते काकूंना कळलं नाही. बटाटे उंबऱ्यावरून घरंगळत रस्त्यावर गेले. ते गोळा करायला समोरून चष्मेवालाच धावला, आणि त्याच्या एका हातात मिस्त्रींची करवत होती.

"काकू, मी नको नको म्हणत होतो," बिचारा रडकुंडीला आला होता. "ऐकेचनात. दार आमच्या चौकटीत बसेना, तर खालून चार बोटं कापून बसवून दिलं. आणि जाताना म्हणाले, करवत पण ठेव."

चार बोटं कापलं. काकू उंबऱ्यावरच बसल्या. ते दार मिस्त्रींनी लग्नाच्या वर्षी केलं होतं. त्यावर पाटी लावायलासुद्धा त्यांनी कधी खिळा ठोकू दिला नव्हता. पाहुण्यांनी दार जोरात लोटलं, तर पाहुणे परत यायचे नाहीत असे चार शब्द ऐकून जायचे.

आता मिस्त्री कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्या हबकण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. सुतार म्हणून माणूस एक नंबर. माणूस म्हणून, आता घरच्यांसमोर कशाला बोला, कडू कारलं. घराला लागूनच त्यांचं दुकान. भिंतीवर प्रत्येक हत्याराची खुंटी आणि खुंटीभोवती त्या हत्याराची आकृती निळ्या पेन्सिलीने काढलेली. पटाशी पटाशीच्या आकारात, गुण्या गुण्याच्या आकारात. जागेवर काय नाही ते एका नजरेत कळावं म्हणून. दुकानात शिरणाऱ्याला नमस्कार मिळायच्या आधी "हात लावू नका" मिळायचं, आणि गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागे हातनको म्हणायची. पोरंच कशाला, एकदा पोस्टमनही चुकून म्हणून गेला.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला. एके दिवशी त्याने मिस्त्रींचा मोठा रंधा न विचारता घेतला आणि जुन्या फळीवर चालवला. फळीत मोडका खिळा होता. पात्याच्या धारेत खाच पडली. झालं. त्या खाचेपायी मिस्त्रींनी सख्ख्या भावाला भर दुकानातून हाकललं, तो गेला आणि त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान टाकलं. वर्षामागून वर्षं गेली. मिस्त्रींच्या मुलीच्या लग्नात दोघे एकाच मांडवात पाठीला पाठ लावून उभे राहिले. पातं तर मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी घासून सरळ केलं होतं, हे काकूंना माहीत होतं. पण बोलणार कोण?

काकूंशी ते वाईट वागत नसत. वागतच नसत म्हणा ना. जेवायला बसले की ताटाकडे बघायचे, उठले की दुकानाकडे. जेवण चांगलं झालं तर गप्प, वाईट झालं तर "मीठ", एवढंच. काकूंनी त्या गप्प बसण्यालाच शाबासकी मानायची सवय करून घेतली होती. किती बायकांनी करून घेतली असेल.

मग आजार आला. आधी लाकडाचा वास येईनासा झाला. डोळे मिटून नुसत्या वासावर लाकूड ओळखणारा माणूस, एकदा फळी नाकाशी धरून उभाच राहिला. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग चालताना उजवा हात हलेना. मग तो हात मांडीवर स्वस्थ असला की आपोआप थरथरायला लागला. पार्किन्सन, असं इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. थोड्या थोड्या वाढवत नेल्या.

गोळीने हात सुटला, यात शंका नाही. मिस्त्री पुन्हा रंधा धरू लागले. आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी सुटलं. एका दुपारी काकू भांडी घासत होत्या, तर मागून येऊन म्हणाले, "बस जरा. दमलीस." काकूंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय आणि यांना कळलंय की आता फार दिवस नाहीत. पण तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या हातचं खाऊन मी एवढा जगलो आणि कधी तोंडाने बोललो नाही. गाढव आहे मी." काकू मोरीत जाऊन रडल्या. आनंदाने की धक्क्याने, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे तर कहरच झाला. मिस्त्रींनी मोठा रंधा फडक्यात गुंडाळला, स्वतः बस धरली, भावाच्या दुकानात गेले आणि त्याच्या हातात ठेवला. "माझं चुकलं," म्हणाले. धाकटा भाऊ, आता त्याचेही केस पिकलेले, भर गिऱ्हाइकांसमोर हुंदके देऊन रडला. त्या रविवारी तो जेवायला आला. दादा, दादा करून त्याचं तोंड दुखलं असेल. काकूंनी जन्मात कधी एवढा स्वयंपाक केला नव्हता.

आणि दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "स्वभावात काही बदल? जुगार, वायफळ खरेदी, खा खा, असं काही?" काकू हसून सांगायच्या, "छे हो. उलट सुधारणा आहे." डॉक्टरीणबाई मान डोलावून लिहून घ्यायच्या. सुधारणा.

काकूंना दुकानात जायची सवयच नव्हती. "हात लावू नका"च्या राज्यात त्या कशाला जातील? त्या दिवशी, दार गेलं त्या दिवशी, त्या गेल्या. भिंतीवर सगळ्या निळ्या आकृत्या होत्या. पटाशीची, गुण्याची, कानशीची, गिरमिटाची. आकृत्याच होत्या. हत्यार एकही नव्हतं. कोणी मेलं की घर कसं दिसतं तसं ते दुकान दिसत होतं, आणि ज्याचं होतं तो माणूस बाहेर दुसरा कप मागत होता.

"सगळी कुठं गेली हो?"

"ज्याला लागत होती त्याला दिली." आवाजात कसला पश्चात्ताप नाही, कसली लपवाछपवी नाही. "देताना फार बरं वाटतं गं. एक दिलं की दुसरं द्यावंसं वाटतं. थांबवतच नाही."

थांबवतच नाही, हे शब्द काकूंच्या काळजात रुतले.

दुसऱ्या दिवशी, चौकटीला चादर अडकवून, दोघं इस्पितळात गेली. काकूंनी दाराचं सांगितलं, हत्यारांचं सांगितलं, रंध्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चेहरा उतरला त्यांचा.

"मी दर वेळी विचारत होते. हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बिघाड विचारत होतात," काकू म्हणाल्या. "हा बिघाड थोडाच होता?"

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे गोळीमुळे झालंय. सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतं. कोणी जुगाराला लागतं, कोणी खरेदीला. कोणी वाटत सुटतं. वाटणारा माणूस लवकर सापडत नाही, कारण तक्रार करायला कोणी येत नाही."

काकूंना आधी अर्थच लागेना. गोळीमुळे काय झालं? हत्यारं दिली ते? की "बस जरा, दमलीस" तेसुद्धा?

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनतं, आणि ते घेणाऱ्या जागा पेशींवर असतात. "त्यांना आम्ही ग्राहक म्हणतो."

"गिऱ्हाईक," मिस्त्री म्हणाले.

"हो, गिऱ्हाईकच धरा. हातपाय चालवणाऱ्या भागाला माल पुरवणारे कारागीर या आजारात मरत जातात. तिथली गिऱ्हाइकं उपाशी राहतात. सुरुवातीला ती उपासाने हावरी होतात, थोड्या मालावरही तुटून पडतात. पुढे वर्षं जातात तशी त्यांची संख्याही बदलते आणि वागणंही. पण मेंदूत दुसरी एक पेठ आहे. कशाची ओढ लागावी, कशात मजा वाटावी, ते तिथे ठरतं. त्या पेठेत माल अजून बऱ्यापैकी येतोय. आता ही गोळी म्हणजे त्या मालाची नक्कल. ती दोन्ही पेठांत जाते. इथल्या उपाश्यांचं पोट भरतं आणि तिथल्या जेवून बसलेल्यांना पुन्हा वाढलं जातं. गिऱ्हाइकांचे प्रकार आहेत, आम्ही त्यांना नंबर देतो. तीन नंबरचं गिऱ्हाईक त्या दुसऱ्या पेठेत जास्त, आणि नेमकं त्याच्याशी या गोळीचं फार जमतं."

"मग पहिल्याच पेठेत जाईल अशी द्या ना," काकू म्हणाल्या.

"तेच तर शोधतायत. काही जण एकाच नंबरच्या गिऱ्हाइकाला गाठणारं औषध करू बघतायत. काही जण डोपामिन सोडून शेजारच्या वेगळ्या रसायनांच्या गिऱ्हाइकांकडे वळलेत, तिथून हात सैल होतो का, या आजारात काहींना होणारे भास कमी होतात का, ते बघतायत. त्यातली थोडी औषधं आली आहेत, बाकीची अजून तपासणीत आहेत. पण तुम्हाला हवं तसं नेमकं माझ्या कपाटात आज नाही. आज मी एवढंच करू शकते, ही गोळी हळूहळू कमी करून बंद करायची आणि दुसरं औषध बसवायचं. एकदम नाही तोडायची, त्रास होतो. हात थोडे जड होतील. मनही उदास होईल काही दिवस."

मिस्त्री इतका वेळ जमिनीकडे बघत होते. "म्हणजे दिलदार झालो होतो तो मी नव्हतो," ते सावकाश म्हणाले.

"तसं नाही म्हणता येणार..."

"मग आधी भावाला हाकललं तो मी होतो? तो कुठल्या गोळीवर होता?"

एवढ्या शिकलेल्या बाई, पण खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. "ते मला माहीत नाही," म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. काकूंच्या डोक्यात एकच भुंगा. आपलं अख्खं आयुष्य ज्या दोन वाक्यांवर निघालं असतं, ती एका पाकिटातून आली होती. आणि आता त्याच हातांनी, रोज पाण्याच्या ग्लासाबरोबर, आपणच गोळी कमी कमी करत मिस्त्रींना पुन्हा त्या जुन्या माणसाकडे पोचवायचं. हे कसलं काम नशिबी आलं बाई.

गोळी कमी होत गेली. मिस्त्री एकेक शब्दाने आखडत गेले. आधी विनोद गेला. मग दुपारचं "बस जरा" गेलं. एका सकाळी त्यांनी ताटाकडे बघून "मीठ" म्हटलं, आणि काकूंचे डोळे भरून आले. घरात जुन्या गोळ्यांची दोन पाकिटं शिल्लक होती. काकू त्या सकाळी कपाटासमोर उभ्या राहिल्या. एकच जादा. कोणाला कळणार? हातही बरा चालेल त्यांचा, वाईट काय त्यात? पाकीट हातात घेऊन त्यांनी एक गोळी तळहातावर काढलीसुद्धा. मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली. नवऱ्याच्या तोंडून दोन गोड शब्द यावेत म्हणून आपण त्याला हे चारणार? उद्या त्याने घराची कौलं वाटली तर? परवा अंगावरचे कपडे वाटले तर? त्या तशाच, केस न विंचरता, औषधाच्या दुकानात गेल्या आणि दोन्ही पाकिटं परत देऊन आल्या. दुकानदार म्हणाला, याचे पैसे परत मिळणार नाहीत. काकू म्हणाल्या, नकोच आहेत.

हत्यारं हळूहळू परत आली. लोक चांगले होते. मिस्त्री एकेक आकृतीवर एकेक हत्यार लटकवायचे, थरथरत्या हाताने, तोंडातून शब्द नाही. नवं दार त्यांना जमलं नाही. ते दुसऱ्याकडून करून घेतलं, हलकं, गुळगुळीत, आणि त्याच्याकडे मिस्त्री शत्रूकडे बघावं तसे बघत. ती गोळी आता पूर्ण बंद होती.

आणि मग एका दुपारी धाकटा भाऊ आला. रविवार नव्हता. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"वहिनी," तो दारातूनच म्हणाला, "चष्मेवाला भेटला होता. सगळं कळलं. गोळीने करत होता म्हणे दादा ते."

"आत तर या भावोजी."

तो आत आला, पण बसला नाही. रंधा टेबलावर ठेवला. "मला नको हा. दादाने दिला असता तर मरेपर्यंत ठेवला असता." त्याने फडक्याची घडी घातली आणि परत उलगडली, एवढा मोठा बाप्या. "मी वेडा. मला वाटलं, माझी आठवण आली त्याला."

काकूंना वाटलं आता जमीन फाटावी. मिस्त्री खुर्चीत होते. आजाराने चेहरा असा झाला होता की आत काय चाललंय ते बाहेर काही उमटायचं नाही. ते रंध्याकडे बघत राहिले. इतका वेळ की धाकट्याने वाट बघणं सोडून दिलं.

"ठेव तिथंच," शेवटी ते म्हणाले.

धाकटा वळला. काकूंनी त्याचा दंड धरला.

"थांब." आवाज इतका बारीक होता की दोघांनाही पुढे वाकावं लागलं. "रंधा गोळीने दिला असेल. मी नसता दिला. माझा आहे तो."

"हो, तेच म्हणतोय मी."

"ऐक. इतकी वर्षं तुला हाक मारली नाही, तेव्हा मी एकही गोळी खात नव्हतो." श्वास घ्यायला ते थांबले. "ते माझं मी केलं. धडधाकट असताना. त्याला कोणाचं नाव लावू?"

धाकटा जागच्या जागी उभा राहिला.

"रंधा मी ठेवतो," मिस्त्री म्हणाले. "तू उद्या ये. परवापण ये. धार लावायची आहे, माझ्याने दाब पडत नाही."

धाकटा "बरं" म्हणाला, चपला उलट्यासुलट्या घातल्या, आणि कोपऱ्यावर गेल्यावर थांबून शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिला. काकू खिडकीतून बघत होत्या. तो गेला तरी त्या तिथंच होत्या. मागे वळायचा धीर होत नव्हता. भावाचं झालं, त्याला उत्तर मिळालं. आपलं काय? विचारलं तर "मीठ" म्हणतील, आणि मग उरलेलं आयुष्य कशावर काढायचं?

तरीपण त्यांनी विचारलं. खिडकीकडे तोंड करूनच. "आणि मला जे बोललात ते?"

"कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

मागे खुर्ची करकरली. "तेव्हा सरळ तोंडातून यायचं," मिस्त्री म्हणाले. "आता वर येत नाही."

"पण आहे का?"

"आहे की," ते चिडूनच म्हणाले. "जाईल कुठं?"

काकू मिळेल त्या स्टुलावर बसल्या. संसाराच्या इतक्या वर्षांत असलं वाक्य त्या गोळीशिवाय पहिल्यांदाच आलं होतं.